पॅरा सेटल नाही

नागपूरच्या महालात पत्ता विचारायचा झाला तर पानवाल्याला विचारावा, शाळेतून घरी चाललेल्या पोराला विचारावा, कोणीच नसेल तर चौकात बसलेल्या गायीला विचारावा. पण काकाजींना विचारू नये. गेल्या वर्षी लग्नसराईत एका जोडप्यानं त्यांना बडकस चौकात गाठून पत्रिका छापणाऱ्याचं दुकान विचारलं. "सोपं आहे," काकाजी म्हणाले, "जुम्मा दरवाज्यातून बाहेर पडा."

"तो कुठे आला?"

बस्स. तो कुठे आला हे सांगायला काकाजींना आधी तो कधी आला हे सांगावं लागलं. म्हणजे देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, त्यानं १७०२ च्या सुमारास राजापूर-बारसा नावाची बारा खेडी जोडून वसवलेलं हे गाव, मग त्याच्या मागून आलेला चांद सुलतान, त्यानं गावाला घातलेला तट, खोदलेला तलाव आणि तटाला ठेवलेला हा दरवाजा. "ज्याला तुम्ही लोक गांधी गेट म्हणता," असं म्हणेपर्यंत पाऊण तास झाला होता. नवरी घामानं भिजली होती, नवरदेव चौकातल्या बाकावर बसला होता आणि पत्रिकेचं दुकान जेवणासाठी बंद झालं होतं. ते लग्न पुढे व्हॉट्सअॅपवरच्या आमंत्रणावर पार पडलं, असं ऐकतो.

काकाजी माझे सख्खे काका नाहीत. ते आख्ख्या गल्लीचे काकाजी आहेत. नोकरी केली एजी ऑफिसात, सिव्हिल लाइन्सला, तीही ऑडिटमध्ये, सदतीस वर्षं. निरोपाच्या दिवशी ऑफिसानं घड्याळ दिलं. लाल-निळी पेन्सिल त्यांनी स्वतःच आणली. आजही ती खिशाला असते. तिचा लाल भाग अर्धा उरलाय आणि निळा जवळजवळ कोराच आहे, कारण निळी खूण मान्यतेची. उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा, हातात काळी छत्री आणि पँटच्या खिशात लू लागू नये म्हणून कांदा. छत्री उघडताना मी त्यांना पाहिलं नाही. ती दाखवायला आहे. बोलताना तिचं टोक ज्या इमारतीकडे वळतं तिचं वय, मालक आणि कज्जा, सगळं निघतं.

इतिहासाचे नादी लोक गावोगावी असतात. पण त्यातले बहुतेक भाबडे. पेशव्यांच्या काळातला म्हणून कोणी अडकित्ता दाखवला की डोळे पुसतात. काकाजींचं तसं नाही. ते इतिहासाचं ऑडिट करतात. कोणी म्हणालं की या विहिरीतून किल्ल्यात भुयार जातं, की त्यांचा पहिला प्रश्न: "व्हाउचर आहे?" विदर्भातल्या यच्चयावत विहिरींतून किल्ल्यात भुयारं जातात, काकाजींच्या हिशेबानं ती सगळी खरी धरली तर वरचं नागपूर केव्हाच खाली बसायला पाहिजे होतं.

त्यांचं सगळ्यात जुनं ऑब्जेक्शन झिरो माईलवर. चार घोडे, मधे दगडी खांब, आणि सगळा गाव छाती काढून सांगतो की हा भारताचा मध्यबिंदू. काकाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे नेऊन उभा करतात. "वाच. जीटीएस. ग्रेट ट्रिग्नोमेट्रिकल सर्व्हे. १९०७. ही उंची मोजायची खूण आहे. समुद्रापासून किती फूट वर आहोत ते सांगते. देशाचा मध्य म्हणून कुठे लिहिलंय, दाखव मला." कोणालाच दाखवता येत नाही. मेट्रोच्या स्टेशनाला झिरो माईल नाव पडलं त्या आठवड्यात काकाजींचं जेवण कमी झालं होतं. या वादात ते एकदाच हरले, तेही एका ऑटोवाल्याकडून. सगळं व्याख्यान त्यानं ऑटोच्या दांडीवर हनुवटी टेकवून ऐकलं आणि म्हणाला, "ते सगळं बराबर आहे काकाजी. पण मध्य नाही तं हे घोडे चौफेर काहून पळून राह्यले?"

काकाजींनी घोड्यांकडे पाहिलं. उत्तर नव्हतं. मीटरपेक्षा दहा रुपये जास्त देऊन ते घरी आले.

इतकं कडक ऑडिट असलेल्या माणसाचा एखादा कप्पा तरी सैल असतोच. काकाजींचा कप्पा रामटेकचा. कालिदासाच्या यक्षानं मेघाला निरोप दिला तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, यावर त्यांना व्हाउचर लागत नाही. "मिराशींनी सांगितलं, संपलं." महामहोपाध्याय वा. वि. मिराशी नागपूरचे, हाच पुरावा. छत्तीसगडच्या सरगुज्यातले लोक त्यांचा रामगढ पुढे करतात हे त्यांना माहीत आहे, पण ते उच्चारताना ते घसा खाकरतात आणि विषय नगरधनकडे नेतात. तिथे वाकाटकांची प्रभावतीगुप्त त्यांना सोडवते. गुप्तांची लेक, वाकाटकांची सून, नवरा वारल्यावर मुलांच्या नावानं राज्य चालवलेली; आणि नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मुद्रा सापडलेली. "मातीचा शिक्का, नावासकट! याला म्हणतात व्हाउचर." असं म्हणून ते पेन्सिलीची निळी बाजू हवेत फिरवतात. निळीची झीज झाली असेल तर एवढ्यासाठीच.

आम्ही पोरं होतो तेव्हा ते आम्हाला काटोल रोडवर जुनापाणीला घेऊन जायचे. तिथे माळावर दगडांची मोठाली वर्तुळं आहेत, लोखंड वापरणाऱ्या माणसांनी आपली मेलेली माणसं पुरून भोवती रचलेली. आम्हाला त्यात बसून डबा खायचा असायचा. काकाजी आम्हाला दगड मोजायला लावायचे. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. येताना ठरलेली गोष्ट: ज्याच्या नावाचं कॉलेज आपल्या गावात आहे तो स्टीफन हिस्लॉप असेच दगड बघायला टाकळघाटला गेला होता, ४ सप्टेंबर १८६३ ला, आणि परत येताना पूर आलेल्या नाल्यात बुडून मेला. "इतिहास बघायला गेलेला माणूस घरी परत येईलच असं नसते," काकाजी गंभीरपणे म्हणायचे. मग दोन पावलं चालून, "हे काकूला सांगू नको."

काकूंना सांगायची गरज नव्हती. भाजी आणायला गेलेला माणूस तीन तासांनी मेथीऐवजी भोसल्यांच्या वाड्याची एक पडकी वीट घेऊन येतो, हे त्यांनी चाळीस वर्षं सोसलं होतं. विटा माळ्यावर आहेत. प्रत्येकीवर लाल पेन्सिलीनं तारीख.

पण काकाजींचा खरा पॅरा, म्हणजे ऑडिटातला आक्षेप, ज्याच्यासाठी ते जगून राहिले असं मला वाटते, तो सीताबर्डीचा.

२६ नोव्हेंबर १८१७ ची संध्याकाळ. आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर बसलेले इंग्रज. रेसिडेंट जेन्किन्स. रात्रभर तोफा. सकाळी आपल्या फौजेतल्या अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. "जिंकलोच होतो," काकाजी म्हणतात, आणि त्यांचा आवाज असा उतरतो की जणू त्या टेकडीवर त्यांची सायकल राहिली. मग इंग्रजांचा कॅप्टन फिट्झजेराल्ड घोडदळ घेऊन खाली मैदानात घुसला, तोफा पळवल्या, आणि तेवढ्यात लहान टेकडीवर दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला. गोंधळ उडाला, टेकडी गेली, दुपारपर्यंत राज्य गेल्यातच जमा.

इथवर कोणीही सांगेल. काकाजींचं ऑडिट इथून पुढे. फिट्झजेराल्डनं वारंवार हुकूम मागितला होता. वरिष्ठ कर्नल स्कॉट नाही म्हणत होता, शेवटी जे कराल ते तुमच्या जोखमीवर असा निरोप आला आणि हा निघाला. "म्हणजे सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी नाही!" काकाजी टेबलावर हात आपटतात. "कारवाई विनामंजुरी. कारवाई अनियमित, म्हणून निकाल अनियमित. मी ऑफिसात एका इंजिनिअराला अशाच कारणावरून अकरा वर्षं लटकवून ठेवलं होतं, बाबू. हा तर सरळ राज्य घेऊन गेला." या विषयावर त्यांनी फूलस्केपच्या तेहतीस पानांची नोट लिहून ठेवली आहे. तिच्या शेवटी शेरा आहे: पॅरा सेटल नाही.

याच्यावर उतारा म्हणून ते जुम्मा दरवाज्यात येऊन उभे राहतात. कारण महिन्याभरानं, २४ डिसेंबरला, इंग्रजांनी या दरवाज्यावर हल्ला केला तेव्हा आत राहिलेल्या अरबांनी तो परतवला होता. पुढे आठवडाभरात तेही अटी ठरवून निघून गेले, पण तो भाग काकाजी रहदारीच्या आवाजात सांगतात.

आता गोष्ट इंग्लंडची. काकाजींची मुलगी तिकडे असते, एका मोठ्या शहरापासून तासाभरावरच्या खेड्यात. बाळंतपणाला काकू गेल्या, सोबत काकाजींनाही नेलं. काकूंना लेकीकडे काम होतं. काकाजींच्या वाट्याला एक चर्च, एक पब, एक तळं आणि दिवसातून दोनदा येणारी बस. मुलीनं फोनवर मला सांगितलं, "बाबा इथे आठवडाभरात वेडे होतील."

तिसऱ्या दिवशी ते छत्री घेऊन चर्चमध्ये गेले. आत किल्ल्यांचा जुडगा घेतलेला एक उंच, वाकलेला म्हातारा उभा होता. काकाजींनी विचारलं, ही भिंत कधीची? म्हाताऱ्यानं घड्याळात पाहिलं नाही. त्यानं जुडगा खाली ठेवला. काकाजी म्हणतात की त्याच क्षणी मला कळलं, हा आपल्यातला आहे.

पुढचे तीन महिने ते दोघं रोज भेटले. त्याचं नाव काकाजींनी कधी घेतलं नाही. त्यांच्या लेखी तो कायम 'चर्चवाला'. गाव एवढंसं, माझ्या घरापासून चिटणीस पार्कापर्यंत जेवढं अंतर तेवढ्यात संपणारं, पण चर्चवाल्याला ते दाखवून पुरं करायला अठरा दिवस लागले. चर्चच्या फाटकावर छप्पर कशाला, तर प्रेत आणल्यावर पाद्री येईपर्यंत ते पावसात भिजू नये म्हणून. आवारातलं यूचं झाड चर्चपेक्षा जुनं की नवं, यावर एक अख्खी दुपार. तळ्याच्या कडेला दगडी भिंतीचा चौकोन, त्यात नुसतं गवत. चर्चवाला समजावत होता की मोकाट गुरं इथे कोंडायचे आणि दंड भरल्यावर सोडायचे. काकाजी ओरडले, "कोंडवाडा!" चर्चवाल्यानं तो शब्द वहीत लिहून घेतला.

पण काकाजी खरे विरघळले ते डूम्सडे बुकाशी. विल्यम राजानं इंग्लंड जिंकलं आणि वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, गावोगाव माणसं पाठवून मोजणी केली. जमीन कोणाची, आधीच्या राजाच्या वेळी कोणाची होती, नांगर किती, गिरण्या किती, डुकरं किती, तेव्हा किंमत काय होती आणि आता काय आहे. त्या काळच्या एका बखरवाल्यानं कुरकुर केली होती की राजानं एक बैल, एक गाय, एक डुक्कर नोंदायचं सोडलं नाही. चर्चवाल्यानं आपल्या गावाची नोंद भाषांतरासकट त्यांच्यापुढे ठेवली. काकाजींनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि रात्री मला फोन लावला. तिकडे रात्र म्हणजे इकडे पहाटेचे तीन.

"बाबू, ऑडिट रिपोर्ट आहे! साडेनऊशे वर्षांपूर्वीचा! एक डुक्कर सुटलं नाही!"

त्यांच्या आवाजात एवढा आनंद मी त्यांना नातू झाला त्या दिवशीही ऐकला नव्हता.

आणि मग त्यांनी तो विषय काढला. त्या भागातल्या चर्चांच्या भिंतीवर दूरदेशी मेलेल्या लष्करी माणसांच्या संगमरवरी पाट्या असतात. चर्चवाल्याच्या जुन्या गाडीतून दोघांनी आजूबाजूची सगळी चर्च पालथी घातली. वॉटर्लू सापडलं, क्रिमिया सापडलं, पहिल्या महायुद्धाच्या याद्या तर गावागणिक. सीताबर्डी नाही. शेवटी काकाजींनी त्याला सरळ विचारलं की १८१७ ची सीताबर्डीची लढाई तुला माहीत आहे ना? चर्चवाला बराच वेळ विचार करून म्हणाला, तो गोड पदार्थ का?

काकाजी दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. काकूंना वाटलं थंडी बाधली. नंतर मला म्हणाले, "हरलो त्याचं काही नाही रे. दोनशे वर्षं झाली. पण जिंकणाऱ्यालाच पत्ता नाही! मी एवढी तेहतीस पानं लिहून राहिलो, ती कोणाला पाठवू? ज्याच्यावर ऑब्जेक्शन काढलं ते डिपार्टमेंटच बंद!"

चर्चवाला मात्र खानदानी. दोन दिवसांनी तो स्वतः दारात आला, माफी मागितली आणि म्हणाला की मी तुमची टेकडी बघायला येतो.

तो खरंच आला, जानेवारीत. काकाजींनी त्याला संत्रा बर्फीवर आणि तर्री पोह्यांवर ठेवलं. तर्रीच्या पहिल्या घासाला त्याचे कान लाल झाले तेव्हा काकाजी खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. टेकडी बघायच्या आदल्या दिवशी त्याला रामटेकला नेलं. गडावर तो भला थोरला वराह आहे ना, ज्याच्या पोटाखालून सरपटत निघायचं, आणि पापी माणूस अडकतो अशी समजूत आहे. चर्चवाला एकशिवडी. त्यानं कोट काढला, सापासारखा आत गेला आणि पलीकडून गुडघे झटकत उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकाजींचा घेर वराहापेक्षा फार कमी नाही. त्यांना त्याच वेळी गुडघा दुखत असल्याचं आठवलं. उतरताना ते माझ्या कानाशी पुटपुटले, "१८५४ ला राज्य खालसा केलं, १९४७ पर्यंत बसून खाल्लं, अन् पाप नाही! वराहाला कोणी रेकॉर्डच दाखवलं नाही."

सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे. सामान्य माणसाला वर्षातून तीन दिवस आत सोडतात: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. म्हणून २६ जानेवारीचा मुहूर्त. सकाळी आठला महालातून निघायचं ठरलं. गाडीनं दहा मिनिटांचा रस्ता. मी गाडी काढली. काकाजी म्हणाले, "गाडी कायला? चालत दाखवू. रस्त्यातच तर आहे सगळं."

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

जुम्मा दरवाज्यात नऊ वाजले. काकाजींनी २४ डिसेंबरची लढाई सांगितली. चर्चवाल्यानं तिथेच खाली बसून दगडाच्या थरांची जाडी टेपनं मोजली, कारण त्याच्या मते वरचे दोन थर नंतरच्या दुरुस्तीचे होते. काकाजींना ते मान्य नव्हतं. यात साडेदहा. शुक्रवारी तलावावर पाणी पूर्वी कुठवर होतं, यात पावणेबारा. एम्प्रेस मिलपाशी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला, म्हणजे व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं दिल्लीत जाहीर झालं त्याच दिवशी, सुरू केली होती हे ऐकून चर्चवाल्याला गहिवर आला आणि जिथे मिल होती तिथे आता मॉल आहे हे पाहून काकाजींना. दोघांनी मिळून चहा घेतला. कॉटन मार्केटमध्ये जेवण. लोहापुलाखाली दोघं उभे राहून लोखंडाच्या कैच्या मोजत होते तेव्हा मी तिसऱ्यांदा म्हटलं, "काकाजी, फाटक बंद होईल."

"होते रे. बर्डी काय पळून जाते?"

बर्डी पळाली नाही. आम्ही पोचलो तेव्हा शेवटची माणसं उतार उतरून येत होती. पोरांच्या हातात कागदी झेंडे. फाटकावरच्या जवानानं आदबीनं हात जोडले आणि साखळी ओढून घेतली. मी काकाजींकडे पाहिलं. ज्या टेकडीसाठी एक माणूस सात समुद्र ओलांडून आला ती समोर होती, संध्याकाळच्या उन्हात, झेंड्यासकट, आणि आम्ही खाली.

मला वाटलं चर्चवाला आता चिडेल. तो टेकडीकडे मान वर करून बघत होता. मग त्यानं वही काढली आणि विचारलं की लहान टेकडी यातली कोणती? काकाजींनी छत्री उचलली. अर्धा तास तो उजवी-डावी करत राहिला, काकाजी फौजा इकडून तिकडे नेत राहिले. स्फोटापाशी आल्यावर त्यानं टोपी काढली. फिट्झजेराल्डच्या विनामंजुरीचा मुद्दा त्यानं पुन्हा सांगायला लावला, विचार केला आणि कबूल केलं की हो, ही बाब गंभीर आहे.

काकाजींनी पेन्सिल काढली. निळी बाजू वळवली. मग थांबले.

"पण आतून पाहिल्याशिवाय कसं व्हायचं?" ते इंग्रजीत त्याला म्हणाले. "पुन्हा या. १ मेला उघडते."

चर्चवाल्यानं आनंदानं तारीख लिहून घेतली आणि विचारलं की त्या दिवसांत तुमच्याकडे हवा कशी असते?

"छान," काकाजी म्हणाले. "कोरडी."

मी तोंड उघडलं. काकाजींनी छत्रीचं टोक माझ्या पायावर टेकवलं.

"तू चूप बस," ते मराठीत म्हणाले. "पॅरा सेटल होऊन राहिला."